दीडशे फेऱ्यांचा चुना

"अवो, तुमचं नख द्या हिकडं."

"कामून?"

"द्या मनते ना. आता त्या सांध्यात घाला. तितं न्हाई, त्येच्या वरच्यात. टोकापाशी."

आश्रुबानं अंगठ्याचं नख दोन दगडांमधल्या चुन्यात रोवलं. ओल्या गोवरीत जावं तसं ते आत गेलं.

"किती गेलं?"

"गेलं जरासं."

"जरासं न्हाई, समदं गेलं. आन उद्या सकाळी ह्येच्याच खाली उभं ऱ्हायाचंय तुमाला."

त्यानं नख धोतराला पुसलं आणि दुसरीकडं बघायला लागला.

दोघं परांचीवर उभी होती, जमिनीपासून बारा हात वर. समोर टाकळीच्या माळावरच्या नव्या चर्चची मोठी कमान. कमानीच्या पोटात अजून लाकडाचा ढोला होता. ढोला म्हणजे कमानीच्या आकाराचा सांगाडा. त्याच्यावर दगड रचत वर न्यायचे, चुन्यानं धरलं की खालच्या पाचरी ठोकून ढोला उतरवायचा, मग कमान आपल्या पायावर उभी. ही कमान बंद होऊन आज नववा दिवस होता. ढोला उद्या उतरणार होता. आणि बायनाबाई पंधरा दिवसांनी आज परत आली होती.

बायनाबाई आश्रुबा गवंड्याची बायको, राहणार बोरी. आश्रुबाच्या हाताची तारीफ जिंतूरपर्यंत होती, बायनाबाईच्या तोंडाची त्याच्याही पुढं. पण तिच्या तोंडाला भिणारी माणसंसुद्धा चुना तिच्याच घाणीचा मागायची. जमिनीत खणलेला गोल चर, त्याला दगडाची फरशी, चरात उभं फिरणारं दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला तांब्या नावाचा बैल, अशी तिची घाणी. भट्टीत भाजून पाण्यात फोडलेली चुनखडी आणि नदीची वाळू चरात टाकायची आणि बैल फिरवायचा. किती? दीडशे फेरे. एक कमी नाही. मोजायला तिच्याकडं दोन टोपल्या होत्या आणि दीडशे चिंचोके. एक फेरा झाला की एक चिंचोका ह्या टोपलीतून त्या टोपलीत. शंभर झाले की बेलफळाचं पाणी ओतायचं, मग उरलेले पन्नास. शेवटी ती चिमूटभर चुना दाढेखाली धरायची. कचकच लागली तर सगळा घाणा पुन्हा. तोंड भाजून भाजून तिची जीभ तिखट झाली, असं आश्रुबा तिच्या माघारी म्हणायचा. समोर म्हणायची त्याची छाती नव्हती.

साल त्रेपन्न सरून चोपन्न लागलेलं. निजाम जाऊन पाच वर्षं उलटली होती, पण सिमेंटाची गोणी परमिटाबिगर बघायलाही मिळत नव्हती. टाकळीत किरिस्ताव घरं वीस-बावीस. त्यांची प्रार्थना इतकी वर्षं शाळेच्या पडवीत व्हायची. मग मिशनचे बारटनसाहेब आले आणि म्हणाले, चर्च बांधू. इथवर ठीक होतं. माणसाला देवापुढं बसायला छप्पर पाहिजेच. पण साहेबांच्या टेबलावर एक तसबीर होती आणि सगळा घोळ त्या तसबिरीनं केला.

तसबिरीत साहेबांच्या विलायतेतल्या गावाचं चर्च होतं. उंच आणि चिंचोळं. छप्पर इतकं उभं की त्यावरून घोरपडही घसरावी. खिडक्या हातभर रुंद, दोन पुरुष उंच, वर टोकाला निमुळत्या. भिंतींना बाहेरून दगडी धिरे दिलेले, म्हाताऱ्यानं काठ्या टेकाव्यात तसे. साहेब सांगायचे, ही सातशे वर्षांपूर्वीची रीत. त्या काळातली माणसं देवाला भिऊन बांधायची आणि दगडाशी खोटं वागायची नाहीत. म्हणून आपल्यालाही विटेवर गिलावा करून दगडाचं सोंग नको. खरा दगड, खरा चुना.

सातशे वर्षांपूर्वी आमच्याकडंही माणसं बांधत होती. चारठाण्याची देवळं त्याच सुमाराची, चुन्याचा थेंब न घालता दगडावर दगड बसवलेली. पण ती कुणी तसबिरीत घालून टेबलावर ठेवली नाहीत.

आश्रुबाला साहेबांचं ते बोलणं फार आवडलं. बायनाबाईलाही आवडलं असतं, पण तिनं मधेच विचारलं, छप्पर एवढं उभं कामून. साहेब म्हणाले, बर्फ घसरून जावं म्हणून.

"हितं कशाचं बर्फ?" ती म्हणाली. "हितं गारा पडल्या तर मानसं येचायला पळत्यात."

खिडक्यांबद्दलही ती बोलली. थंडीच्या मुलखात वारा आत येऊ नये म्हणून त्या बारीक, हे तिला कळलं. पण वैशाखात टाकळीच्या माळावर त्याच खिडक्यांच्या आड माणसं बसणार होती, कणगीत कोंडलेल्या जोंधळ्यासारखी. साहेब हसले, त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. छप्पर बदललं नाही आणि खिडक्याही बदलल्या नाहीत.

मोठ्या कमानीचा नकाशा उघडला तेव्हा मात्र आश्रुबा हसला. म्हणाला, ही तर आमच्या दर्ग्याची कमान. कासीम उस्तादाच्या हाताखाली तो ह्याच कमानीवर शिकला होता. उस्ताद पोलीस ॲक्शनच्या साली रातोरात घर सोडून गेला, त्याच्या घराची कवाडं कुणी नेली ते सगळ्या बोरीला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. ते असो. साहेबांना आश्रुबाच्या बोलण्याचा राग आला नाही. उलट त्यांनी सांगितलं, ही टोकदार कमान आमच्याकडं पूर्वेकडूनच आली, असं काही विद्वान म्हणतात. राग आला दिनकररावांना. दिनकरराव हे कामावरचे ओव्हरसियर, परभणीहून आणलेले, पायात बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. निजामाला घालवला आणि त्याची कमान परत डोक्यावर घेतली, असं ते साहेबांच्या माघारी म्हणायचे. साहेबांसमोर त्याच कमानीला ब्युटीफुल म्हणायचे.

ह्या कमानीला माथ्यावर कळीचा दगड नसतो. दोन्ही अंगांनी तेरा-तेरा दगड वर चढत येतात आणि शेवटचे दोन, बैलांनी कपाळाला कपाळ लावून रेटावं तसे, एकमेकांना रेटत उभे राहतात. दोघांच्या कपाळामध्ये असतो तो फक्त चुना. म्हणून चुन्याला महत्त्व. आणि म्हणूनच उस्तादाची ताकीद होती की कमान बंद झाल्यावर दोन पुनवा गेल्याबिगर ढोल्याला हात लावायचा नाही.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. पौषात कमानीचे आठ-आठ दगड चढले, तेवढ्यात राणीसावरगावहून सांगावा आला की बायनाबाईच्या बहिणीची, दैवशालाची, सासू वारली. बायनाबाईला जावं लागलं, आणि तिथं तेरावा होईस्तोवर राहावं लागलं. घाणीवर तिनं शेजारच्या कोकिळेला ठेवलं. चिंचोके कसे टाकायचे, बेलफळाचं पाणी कधी घालायचं, सगळं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिच्याकडून म्हणवून घेतलं.

परत आली ती घरात न शिरता आधी माळावरच्या घाणीवर गेली. दोन्ही टोपल्या जागेवर होत्या. एकीत पन्नास चिंचोके, हाताळून चकचकीत झालेले. दुसरीत शंभर. त्या शंभरांवर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

बायनाबाई त्या जाळ्याकडं किती वेळ बघत उभी राहिली ते कोकिळा पुढं लय वर्षं सांगायची. ओरडली असती तर बरं झालं असतं, म्हणायची. कोकिळेनं आपणहून कबूल केलं. दिनकरराव आले, म्हणाले बिशपसाहेबांचा मुक्काम ठरलाय, माघाच्या पहिल्या रविवारी चर्च उघडायचं, पन्नास फेरे रग्गड झाले. बेलफळाच्या पाण्याला म्हणाले, ही तुमची अंधश्रद्धा. मालकाचा हुकूम, कोकिळा काय करणार. बायनाबाईनं एवढंच विचारलं की पन्नास फेऱ्यांचा चुना कितव्या दगडापासून लागला. नवव्यापासून, दोन्ही अंगांनी, टोकापर्यंत. म्हणजे दहा दगड. म्हणजे ज्यांच्यावर सगळी कमान तोलायची तेच.

मग ती परांचीवर चढली आणि नवऱ्याचं नख मागितलं.

खाली उतरली ती सरळ दिनकररावांकडं. ते कडुलिंबाखाली बिशपसाहेबांची खुर्ची कुठं ठेवायची ते माणसाला दाखवत होते. तिनं सांगितलं, चुना कच्चा आहे, वरचे दहा दगड काढून परत बसवा आणि दोन पुनवा थांबा. दिनकररावांनी तिच्याकडं न बघता सांगितलं की परवा रविवार, दोन पुनवा कुठून आणू. चर्चच्या मधोमध लाकडाचा ढोला उभा राहिला तर वेदी दिसायची कशी, बिशपसाहेबांनी काय फटीतून देव बघायचा? ती म्हणाली, मग डोळे मिटून बघू द्या, तुमी प्रार्थनेला डोळे मिटताच की. ह्यावर पाणी भरणाऱ्या बाया हसल्या आणि दिनकररावांचं डोकं फिरलं. म्हणाले, वरच्या दगडांना कसलं वजन, वजन खालच्यांना. म्हणाले, सुतकातनं आलीस, डोकं ठिकाणावर नाही.

"बाईमाणसानं चुना मळावा," ते म्हणाले. "ढोला कधी उतरायचा ते सांगू नये."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कासीम उस्तादाचा एक नेम होता आणि तो त्याच्या हाताखालच्या सगळ्या गवंड्यांनी धरला, हिंदू असो, मुसलमान असो. ज्यानं कमान बांधली त्यानं ढोला उतरताना कमानीखाली उभं राहायचं. हात जोडून नाही, डोळे मिटून नाही. नुसतं उभं राहायचं. आश्रुबा आजवर एकोणीस कमानींखाली उभा राहिला होता. एकदा टवका पडून त्याच्या खांद्याला खोक पडली होती, तो व्रण तो पोरीच्या सोयरिकीत दागिना दाखवावा तसा दाखवायचा. जो गवंडी खाली उभा राहिला नाही त्याला पुढं कुणी कमानीला बोलवत नाही. कुंपण घालायला बोलवतात.

म्हणून त्या संध्याकाळी चुलीपुढं बायनाबाई त्याला उभं राहू नका असं म्हणाली नाही. तेवढं तिला कळत होतं. ती दुसरंच विचारत होती.

"चुना तुमी बगितला व्हता का?"

"बगितला."

"कच्चा हाय हे कळलं व्हतं का?"

"कळलं व्हतं."

"मग लावला कामून?"

आश्रुबा म्हणाला, दिनकरराव मनले.

"कमान तुमची का दिनकररावाची?"

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "तू असतीस तर बोलली असतीस. मला न्हाई जमत."

बायनाबाईनं तव्यावरची भाकर अशी उलटली की ती चुलीत गेली. तिनं ती राख झटकून स्वतःच्या ताटात घेतली आणि चांगली त्याच्या ताटात टाकली. रागाचा एक वाटा नवऱ्यावरही होता, आणि तो कमी नव्हता. पन्नास वर्षांच्या माणसाला नाही म्हणता येऊ नये, एका बूटवाल्यापुढं जीभ उचलू नये, आणि त्याच्यापायी मरायला मात्र नेमानं तयार असावं, ह्याला कुणी शौर्य म्हणत असेल तर म्हणो. बायनाबाई म्हणत नव्हती.

शनिवारी सकाळी सगळी टाकळी माळावर. आश्रुबा अंघोळ करून आला, त्यानं पहिल्या दगडाला हळद-कुंकू लावलं, चर्च असलं तरी दगडाला ते लावावं लागतं आणि बारटनसाहेबांनी त्याला कधी हरकत घेतली नव्हती. सटवाजी सुतार हातात मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन तयार होता. पाचरी त्यानं बसवलेल्या, त्यानंच काढायच्या. एकेका पाचरीला थोडं थोडं ठोकत, फिरत फिरत, ढोला बोटबोट खाली आणायचा. ते कामही कमानीखालूनच होतं. सटवाजीचं तोंड उतरलेलं होतं, कारण नखाची गोष्ट रात्रीतून सगळ्या गावात झाली होती.

आश्रुबा कमानीखाली जाऊन उभा राहिला.

बायनाबाई गर्दीतनं आली, सटवाजीच्या हातातली मोगरी घेतली. त्यानं ती इतक्या सहज सोडली की जणू वाटच बघत होता.

"बायना, बाजूला हो," दिनकरराव म्हणाले.

"व्हते. आदी यवडं सांगा, कमान पक्की हाय का?"

"पक्की आहे. किती वेळा सांगायचं?"

"मग ही घ्या." तिनं मोगरी त्यांच्यापुढं धरली. "पैली पाचर तुमी काढा. कमान ह्येंची असंल, पर वरचे दहा दगड तुमचे हायेत. पन्नास फेऱ्याचा हुकूम तुमचा, आजचा दिवस तुमचा. उस्तादाचा नेम हाय, ज्येचा दगड त्यो खाली."

"मी काय गवंडी आहे?"

"गवंडी असता तर असला हुकूम दिला नसता."

दिनकरराव हसले. हसता हसता त्यांनी वर बघितलं. कमानीच्या टोकाकडं. अगदी क्षणभर बघितलं, पण सगळ्या टाकळीनं त्यांना वर बघताना बघितलं. मग ते म्हणाले, ओव्हरसियरचं काम बाहेरून ओळंबा बघायचं असतं, आत कोण जाणार, बाहेरून सगळं दिसतं. मागून कुणीतरी म्हणालं की मोगरीला हात लावायला ओळंबा लागत नाही. दिनकररावांनी कोण बोललं ते शोधलं, कुणी सापडलं नाही.

तेवढ्यात बारटनसाहेब आले. त्यांचं मराठी पुस्तकातलं, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं.

"बायनाबाई, मला सर्व सांगा."

तिनं सांगितलं. चिंचोके सांगितले, जाळं सांगितलं, नख सांगितलं. साहेबांनी दिनकररावांना विचारलं, हे खरे आहे काय. दिनकरराव इंग्रजीत काहीतरी बोलले, बरंच बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, चालत गेले आणि आश्रुबाच्या शेजारी कमानीखाली उभे राहिले.

"हे चर्च मी बांधविले," ते म्हणाले. "मी येथे उभा राहतो. परमेश्वराची इच्छा असेल तसे होईल."

बाया हळहळल्या. एक म्हातारा रडायलाच लागला. गोष्ट इथं संपली असती तर साहेबांचं नाव झालं असतं. पण बायनाबाईचा खरा राग इथं आला. इतका वेळ होता तो नुसता धूर होता. तिनं साहेबांची बाही धरली आणि परक्या मुलखातल्या, गोऱ्या, देवाच्या माणसाला, शेतात शिरलेलं वासरू ओढावं तसं बाहेर ओढलं.

"तुमाला काय वो साहेब. तुमी मेलात तर तुमची तसबीर लागंल ह्या भिंतीला. हे मेले तर लोक मनतील, गवंडी कच्चा व्हता."

साहेबांनी टोपी छातीशी धरली.

"मला एक सांगा. सातशे वर्सापूर्वीसारखं पायजे मनता. त्या लोकांनी असलं एक बांदायला किती वर्सं लावली?"

"कोठे चाळीस," साहेब म्हणाले. "कोठे शंभर."

"आन तुमच्या तसबिरीतल्याला?"

साहेब जरा थांबले. माणूस खोटं बोलणारा नव्हता, एवढं त्यांच्याबद्दल म्हटलं पाहिजे. त्यांनी सांगितलं की तसबिरीतलं चर्च सातशे वर्षांपूर्वीचं नाही. त्यांच्या आजोबांच्या काळातलं, ऐंशी वर्षांचं. त्या काळी तिकडं लोकांना जुन्या रीतीचं वेड लागलं, तेव्हा जुन्या चर्चांकडं बघून बघून ते बांधलं. तीन वर्षं लागली.

ही गोष्ट टाकळीत कुणालाच ठाऊक नव्हती. आश्रुबालाही नव्हती. चार महिने तो त्या तसबिरीपुढं जाता-येता मान वाकवत होता.

"मंजी नकलेलाबी तीन वर्सं लागली," बायनाबाई म्हणाली. "आन नकलेच्या नकलेला तुमी दिले चार म्हैने. दगडाशी खोटं वागू नये, हे तुमीच मनला व्हता ना? मग ह्ये काय हाय? वरून सातशे वर्सं आन आतून पन्नास फेरे."

साहेबांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली. सटवाजीकडं वळून म्हणाले की पाचरी राहू द्या.

"आणि बिशपसाहेब?" दिनकररावांनी विचारलं.

"ते कडुलिंबाखाली बसतील."

रविवारी बिशपसाहेब कडुलिंबाखाली बसले. प्रार्थना झाली, भाषण झालं. भाषणात मधे मधे घाणीच्या चाकाची करकर येत होती, कारण बायनाबाईनं दहा दगडांचा चुना त्याच सकाळी मळायला घेतला होता. दिनकररावांनी माणूस पाठवला, थांबव म्हणून. शंभर झालेत, पन्नास ऱ्हायलेत, असा निरोप तिनं उलट धाडला आणि बेलफळाचं पाणी ओतलं. बिशपसाहेबांना कुणीतरी सांगितलं असावं. ते आवाज चढवून बोलले.

सोमवारपासून वरचे दगड एकेक करून सोडवले. ढोला खाली होताच, म्हणून जमलं. खरवडलेल्या चुन्यात जोंधळ्याएवढे पांढरे खडे निघाले, फोडले की आतून कोरडे, पाण्याची वाट बघत बसलेले. असले खडे उद्या पाणी प्यायले की फुगतात आणि दगडाला दगडापासून ढकलतात. आश्रुबानं ते मूठभर गोळा करून साहेबांच्या टेबलावर, तसबिरीपुढं नेऊन ठेवले. बोलला नाही, पण ठेवले. बायनाबाईला ते कळलं तेव्हा तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं. राग गेला असं नाही, पण त्या दिवशी जळकी भाकर दोघांत वाटली गेली.

माघाची पुनव गेली, फाल्गुनाची गेली. ऊन तापायला लागलं. चैत्रात एका सकाळी सटवाजीनं परत मोगरी घेतली. आश्रुबा कमानीखाली जाऊन उभा राहिला. आणि त्याच्या शेजारी बायनाबाई जाऊन उभी राहिली, पदर खोचून. चुना तिचा होता. कमानीखाली बाई उभी राहिल्याचं आधी कुणी ऐकलं नव्हतं, पण तसं तिला सांगायला कुणी पुढं झालं नाही.

सटवाजीनं पाचरी ठोकल्या. एक, मग समोरची, मग परत पहिली. ढोला उतरायला लागला. वरून चिमूटभर धूळ पडली. कमान कुरकुरली, गव्हाच्या दाण्याएवढी बसली आणि थांबली. उजेड आरपार पडला आणि पहिल्यांदाच दारातून वेदी दिसली. साहेबांनी खिशातून रुमाल काढला. उस्ताद असता तर काय म्हणाला असता ते आश्रुबाला ठाऊक होतं, तो काहीच म्हणाला नसता.

दिनकरराव होतेच. असली माणसं कुठं जात नसतात. ते पुढं आले, बाहेरच्या बाहेर उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "बघा. उभी राहिली का नाही? तेव्हाही राहिली असती. उगाच दोन महिने घातले."

जी कमान पडली नाही ती पडली असती, हे कसं दाखवणार? लोक एकमेकांकडं बघायला लागले. दोन-चार जणांनी मानाही हलवल्या. साहेबांच्या टेबलावरचे खडे केव्हाच झाडून टाकलेले होते. दोन महिने तिनं जे दाताखाली धरलं होतं ते ह्या माणसानं एका वाक्यात फुंकून टाकलं, आणि लोक त्याला हो म्हणायच्या बेतात होते.

बायनाबाई अजून कमानीखालीच उभी होती. केसांवर धूळ होती. तिनं आवाज चढवला नाही.

"ऱ्हायली असती ना? मग तवा खाली कामून आला न्हाईत?"

दिनकररावांनी नकाशाची गुंडाळी ह्या काखेतून त्या काखेत घेतली. ती उत्तराला थांबली नाही. बाहेरच्या दोन धिऱ्यांचं काम राहिलं होतं, त्यांचा चुना अजून मळायचा होता आणि ऊन वर आलं की तांब्या चालत नाही. ती घाणीवर गेली, बैल जुंपला, चरात चुनखडी टाकली, तिच्यावर वाळू.

"चल रं मुडद्या," ती म्हणाली. "तुला काय बिशप याचाय का?"

तांब्यानं पहिला फेरा पुरा केला. तिनं एक चिंचोका उचलून दुसऱ्या टोपलीत टाकला.